आई-बापाचा स्वभाव आणि बाळाचं वजन



तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. वजनकाट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण बसलेलो. बोलता बोलता आमच्यातल्या एका सभासदाने सांगितले, की सुनेला मुलगी झाली, पण वजन भरलं अवघं दोन किलो. "डॉक्टर म्हणत्यात, पेटीत ठेवावं लागंल." मग कपातला घोट संपवून म्हणाले, "काय करायचं! सूनबाईचा सोभावच भित्रा. पहिल्या महिन्यापासनं नुसती काळजी. रात्रीची दोन-दोनदा उठून दाराची कडी बघायची. आतलं पोर वाढंल कसं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू!

घरी आलो तरी ते बोलणे डोक्यातून जाईना. पोर लहान झालं याचा सगळा बोजा त्या बाईच्या स्वभावावर टाकून आपण मोकळे झालो. पण हे खरे आहे का? आईच्या किंवा बापाच्या स्वभावाचा पोटातल्या बाळावर, बाळंतपणावर परिणाम होतो का? आपल्याकडे तर अभिमन्यू सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह शिकला असे लहानपणापासून ऐकलेले. गरोदर बाईला दुखवू नये, तिचे डोहाळे पुरवावेत, तिला भिववू नये, हे आपल्या आज्या सांगत आल्या. तेव्हा मनाचा आणि गर्भाचा काहीतरी संबंध आहे, हे आपल्याला नवे नाही. प्रश्न एवढाच, की किती, आणि कोणत्या वाटेने. म्हणून मी थोडे वाचले आणि तालुक्याच्या गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन बसलो. जे कळले ते येथे मांडतो.

आधी स्वभाव म्हणजे काय ते पाहू. आपण म्हणतो, अमका तापट, तमकी सोशिक. मानसशास्त्रवाले लोक प्रश्नावली देतात आणि उत्तरांवरून माणसाचे पाच अंगांनी मोजमाप करतात. तो किती चिंताखोर आहे, किती शिस्तीचा व नेटका आहे, किती मनमिळाऊ आहे, किती बोलका व माणसांत रमणारा आहे, आणि नव्या गोष्टींना किती तयार आहे. यांतले पहिले अंग, म्हणजे चिंताखोरपणा, बाळंतपणाच्या संदर्भात सर्वांत जास्त तपासले गेले आहे. ग्रीस देशातील क्रीट बेटावर शेकडो गरोदर स्त्रियांना अशा प्रश्नावल्या दिल्या होत्या; त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायका मुळातच फार काळजी करणाऱ्या होत्या, त्यांच्यात मुदतीआधी बाळंत होण्याचे किंवा बाळाची वाढ पोटात खुंटण्याचे प्रमाण काहीसे जास्त दिसले. मुदतीआधी म्हणजे ३७ आठवडे पुरे होण्याच्या आत, आणि कमी वजन म्हणजे अडीच किलोच्या आत, असा जगभर हिशेब धरतात.

आता तुम्ही म्हणाल, मग टपरीवरचे आमचे मित्र बरोबरच बोलत होते की! थांबा, इतक्यात पावती फाडू नका.

नॉर्वे देशातले एक काम मला फार बोलके वाटले. तेथील एका मोठ्या इस्पितळात २,२०६ बाळंतपणांची नोंद घेतली गेली आणि २०१२ साली ती छापून आली. बाळंतपणाची फार भीती बाळगणाऱ्या बायका कोणत्या, हे गरोदरपणातच विचारून ठेवले होते. शंभरात साधारण सात-आठ अशा निघाल्या. त्यांच्या कळांचा काळ इतर बायकांपेक्षा सरासरी १ तास ३२ मिनिटे लांबला. मग संशोधकांनी हिशेब आणखी बारीक केला. पहिलटकरीण आहे का, वय किती, बाळ केवढे, कळा सुरू करण्यासाठी औषध दिले का, कळा सुन्न करण्याचे इंजेक्शन दिले का, हे सगळे वजा केले. तेव्हा उरलेला फरक ४७ मिनिटांचा. म्हणजे निम्म्याच्या आसपास फरक भीतीचा नव्हेच, दुसऱ्याच गोष्टींचा होता. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या घाबरट म्हटल्या गेलेल्या बायकांपैकी शंभरात ८९ जणी सिझेरियन न होता, खालूनच बाळंत झाल्या. भीती होती, तरी बाळंतपण पार पडले. हा आकडा मात्र कोणी टपरीवर सांगत नाही.

भीतीने कळा लांबतात हे ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९३३ सालीच लिहून ठेवले होते. बाई घाबरली की अंग आखडते, अंग आखडले की दुखणे वाढते, दुखणे वाढले की आणखी घाबरते, असे ते रहाट. त्याचे सगळेच म्हणणे आज टिकलेले नाही, पण हे रहाट डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्याच शब्दांत समजावले. "अहो, म्हैससुद्धा अनोळखी माणूस गोठ्यात उभा असला की विते का लवकर? मागे सरते, थांबते. बाईचं शरीर त्याहून वेगळं नाही." भीतीच्या वेळी रक्तात जे द्रव्य उसळते, ते गर्भाशयाच्या कळा मंद करते. आणि कायमच्या ताणात वाढणारे जे दुसरे द्रव्य आहे, ते बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेतच त्याची बरीचशी ताकद काढून घेतली जाते. निसर्गाने बांध घालून ठेवलेला आहे. पण पाणी फार दिवस आणि फार जोराने लोटत राहिले, तर बांधावरून थोडे सांडते, असे समजा.

ही झाली आतली वाट. बाहेरची वाट याहून मोठी, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर असते. काळजीने घेरलेली बाई जेवत नाही, झोपत नाही. एखादी उलट टोकाची, "काही होत नाही हो" म्हणणारी, तपासणीलाच जात नाही. लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात. आणि कित्येक जणी जीव रमवायला मिश्री लावतात. दिवसातून चार वेळा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आपण विसरतो. मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली आहे. मिश्री व तत्सम तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मूल दोन-अडीच किलोचेच, त्यातले शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे उसाच्या टनावर भांडणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. स्वभावाचा परिणाम म्हणून जो आपण मोजतो, त्यातला किती या मिश्रीचा, किती उपाशी पोटाचा आणि किती खरोखर मनाचा, हे वेगळे काढणे फार अवघड असते.

आणि दुसरी गोष्ट. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. काळजी आणि कमी वजन एकत्र दिसले, तरी काळजीमुळेच वजन कमी, हे सिद्ध होत नाही. कधी उलटेही असते. जिचे पहिले बाळंतपण अवघड गेले, जिचे एक मूल गेले, ती दुसऱ्या खेपेला काळजी करणारच. तिची प्रश्नावली भरून घेतली तर ती चिंताखोर ठरेल. पण धोका तिच्या स्वभावात नाही, तो आधीपासूनच तिच्या शरीरात आहे, आणि काळजी ही त्याची खूण आहे.

आमच्या मित्राच्या सुनेचे असेच निघाले. माझ्या घरच्या मंडळी बाळंतिणीला भेटायला गेल्या. बायकांचे बायकांत बोलणे झाले, ते मला नंतर कळले. आधी एकदा चौथ्या महिन्यात तिचा गर्भ गेला होता. ते सासऱ्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते. रक्त आठावर आलेले. सातव्या महिन्यापर्यंत दोन वेळचे पाणी आणि गुरांची वैरण तिच्याकडेच. आणि रात्री उठून कडी बघायची ती का? तर मोटारीची लाईट रात्रीची. नवरा रात्री बाराला उसाला पाणी द्यायला जायचा. ओढ्याकडेला बिबट्या दिसल्याची आवई उठलेली, गेल्या सालीच शेजारच्या वस्तीवर एकाला साप चावलेला. माणूस घरी आला का, कडी आतून लागली का, हे ती बघत होती! याला आपण भित्रा स्वभाव म्हणतो. मग रात्रीच्या लाईटीला काय म्हणायचे?

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, तो या ठिकाणी सांगितलाच पाहिजे. आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबे. बायकांचे वजन गरोदरपणाआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास, आणि बाळांचे सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. ज्या आया हिरवा भाजीपाला, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे मोठी भरली. ज्यांच्या वाट्याला घरातले आणि शेतातले जड काम जास्त, त्यांची लहान. मेथी, शेपू, चाकवत, पेरू, आणि डेअरीला जाण्याआधी घरात ठेवलेले तांब्याभर दूध. यात स्वभाव कुठे आला? आपल्या प्लॉटचा उतारा घटला तर आपण आधी पाणी बघतो, खत बघतो, बेणे बघतो. को ८६०३२ लावला आणि टनेज पडले नाही, तर जातीला शिव्या देण्याआधी पाण्याच्या पाळ्या किती चुकल्या ते मोजतो. घरच्या सुनेच्या बाबतीत मात्र आपण थेट जातीवर, म्हणजे स्वभावावर, बोट ठेवतो.

आता बापाकडे वळू. याविषयी अभ्यास थोडे आहेत, आणि त्याचे कारण साधे आहे. तपासणीच्या रांगेत बाई उभी असते, बुवा बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो. ज्याला प्रश्न विचारायचे तोच आत येत नाही. पण जे माहीत आहे तेवढेही पुष्कळ आहे. गरोदर बायकोवर हात उचलणाऱ्या माणसाचे मूल कमी वजनाचे किंवा मुदतीआधी होण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुनःपुन्हा दिसले आहे. तापट स्वभाव हा शब्द आपण फार मायेने वापरतो. "आमचा बाब्या जरा तापट आहे, पण मनाचा चांगला." मनाचा चांगला असेल; पण त्याची चप्पल ओसरीवर वाजली की आत जिच्या छातीत धडधड होते, तिला तो स्वभाव नऊ महिने रोज सोसावा लागतो.

तापटापेक्षाही मला भीती वाटते ती "बघू उद्या" म्हणणाऱ्याची. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली, बाळंतपणात बायका का दगावतात याची कारणे मांडली. तीन विलंब त्यांनी सांगितले. दवाखान्यात न्यायचे ठरवण्यात होणारा विलंब, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला विलंब, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. दुसरा आणि तिसरा रस्त्याच्या आणि सरकारच्या हाती. पहिला पूर्णपणे आपल्या उंबऱ्याच्या आत. अंगावरून जातंय, पायाला सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटातलं बाळ सकाळपासून हललं नाही, आणि घरातला कर्ता म्हणतो, उद्या बाजार आहे, तेव्हा जाऊ. किंवा आई म्हणते, आम्हाला नाही का झाली पाच-पाच! हा सबुरीचा स्वभाव एरवी मोठा गुण. पंचाईत अशी, की त्या रात्री तोच जिवावर बेततो. अशा वेळी घरात एखादा चिंताखोर, घायकुत्या माणूस असलेला बरा. तो निदान १०८ ला फोन तरी लावतो. तेव्हा चिंताखोरपणा नुसता वाईटच, असेही धरून चालू नका. काळजी करणारी बाई तपासणी चुकवत नाही, असे डॉक्टरीणबाई हसत हसत म्हणाल्या, "माझ्या दारात सगळ्यांत आधी तीच येऊन बसलेली असते."

स्वभावाला औषध नाही, अशी आपली म्हण आहे. ती खरी धरली, तरी भीतीला उपाय आहे, आणि तो इतका साधा की त्यावर विश्वास बसत नाही. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला म्हणून देश आहे. तेथील एका इस्पितळात एकट्या येणाऱ्या गरीब पहिलटकरणींपैकी काहींच्या जवळ शेवटपर्यंत एक बाई बसवली. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, ओळखीचीही नव्हे. हात धरायचा, पाठ चोळायची, चार शब्द बोलायचे, एवढेच तिचे काम. १९८० साली सोसा, केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापला. सोबत असलेल्या बायका भरती झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या. एकट्या असलेल्यांना लागले १९.३ तास. वेळेची ही तुलना फक्त चाळीस बायकांवरची होती, म्हणून एवढा मोठा फरक सगळीकडे पडेल असे समजू नका. पुढे पुष्कळ देशांत असे प्रयोग झाले. २०१७ साली १७ देशांतल्या २६ प्रयोगांचा, पंधरा हजारांवर बायकांचा एकत्र हिशेब मांडला गेला. फरक कमी निघाला, पण निघाला. कळांचा काळ सुमारे ४० मिनिटांनी कमी, सिझेरियन कमी, आणि बाळंतपणाची कडवट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी. भीतीने वाढलेली ४७ मिनिटे आणि सोबतीने कमी झालेली ४० मिनिटे. वेगवेगळ्या देशांतले आकडे, त्यांची वजाबाकी करू नये हे मला कळते. तरी शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय राहवले नाही.

आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली ठरवून दिले आहे, की सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण राहू शकते. स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई असावी. आणि जेथे आडोसा नीट असेल तेथे नवऱ्यालाही आत घेता येते. बहुतेकांना हे माहीत नसते. दाराशी "बाहेर थांबा" म्हटले की आपण निमूट बाहेर थांबतो. विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

आमच्या मित्राच्या सुनेला गेल्या श्रावणात दुसरे मूल झाले. या खेपेला सासूबाईंनी पाचव्या महिन्यापासून पाण्याची कळशी तिच्या हातून घेतली. मोठी नणंद पंधरा दिवस येऊन राहिली आणि कळांच्या वेळी आत तिच्याजवळ होती. मुलगा, २ किलो ८०० ग्रॅम. पहिली मुलगीही आता अंगणात पळते, पेटीतली ती हीच का असे वाटावे. सूनबाई अजून रात्री उठून कडी बघतात, कारण लाईट अजून रात्रीचीच आहे.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली, ती लिहून टाकतो. आपण आपल्या घरच्या सुनांचे बोललो. आपल्याच फडात कोयता घेऊन ज्या बायका येतात, त्यांचे काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस बसली तर खाडा, त्याचे पैसे कापणार. सहाव्या-सातव्या महिन्याची बाई पहाटे चारला थंडीत उठून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीवर चढवते, हे आपण बांधावर उभे राहून पाहिलेले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. पाळी नको, खाडा नको, हेही त्यामागचे एक कारण असल्याचे तेव्हा पुढे आले. या बायकांचा स्वभाव कुणी प्रश्नावली देऊन तपासलेला नाही. त्या सोशिक आहेत, एवढेच आपण म्हणतो, आणि ते आपल्या सोयीचे असते.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना आहे. टोळीतली बाई परगावची, तिला दवाखाना माहीत नसतो, आणि मुकादम सांगत नाही. आपल्या फडात टोळी उतरली की टोळीत कुणी गरोदर आहे का, हे घरातल्या बायकांकरवी विचारून घ्यावे आणि गावच्या आशाताईंना कळवावे. ९ तारखेला तोड चालू असली, तर त्या बाईचा त्या दिवसाचा खाडा धरू नये, असे मुकादमाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. उसाच्या मालकाने सांगितले तर तो ऐकतो. मी स्वतः गेल्या हंगामात दोनदा सांगून पाहिले. पहिल्यांदा तो कुरकुरला, दुसऱ्यांदा त्याने स्वतःच दोन बायकांना ट्रॅक्टरवर बसवून दवाखान्यात पाठवले.